बुरशी आलेल्या व्हायोलाच्या शीट

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या रोपांच्या संग्रहात) पूर्वी अदलाबदलीतून आलेल्या, जपानमधल्या व्हायोला मंजुरिका या जांभळ्या फुलांच्या रोपाच्या तीन शीट (कागदावर चिकटवलेले वाळके नमुने) आहेत. जुलैत त्यांवर पांढरी बुरशी दिसली. उन्हात ठेवून स्पिरिटने पुसल्या तर चालेल का? शिवाय एका शीटवरच्या रोपाला पाकळ्याच नाहीत, नुसती बोंडं आहेत, आणि पानंही रुंद आहेत. ओळख चुकली असेल का?
— वाचक, फोंडा

उत्तर : ऊन नको आणि स्पिरिट तर मुळीच नको. उन्हाने कागद वाकतो, स्पिरिटने लेबलची शाई पसरते. ठिकाण, तारीख आणि फुलाचा रंग वाचता आला नाही, तर नमुना निव्वळ वाळका पाला उरतो.

आधी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विषारी संयुग लावत असत. कागदावरचे करडे-काळपट डाग ही त्याची खूण असू शकते.

शीट टीपकागदात घालून हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत तीन-चार दिवस ठेवा. ओली बुरशी घासली तर ती कागदात मुरते. ती भुकटीसारखी कोरडी झाली की मऊ ब्रशने रोपाकडून कडेकडे हलके झाडा, तेही बाकीच्या कपाटांपासून दूर. फ्रीझरने बुरशी मरत नाही, फक्त थांबते. फ्रीझर किडीसाठी : पॉलिथिनमध्ये सीलबंद करून उणे २० अंशांवर सात दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. आपल्या दमट हवेत थंड कागदावर लगेच पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

मूळ कारण बहुधा रात्री बंद होणारा एसी. दिवसा गार झालेल्या खोलीत रात्री दमट हवा शिरते. पावसाळाभर डिह्युमिडिफायर अखंड चालवून आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली ठेवा. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) कपाटाच्या आत ठेवा, आणि कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

आता ओळखीचं. पाकळ्या नसणं हा दोष नव्हे. व्हायोलाला वसंतात उघडी फुलं येतात, नंतर न उघडणाऱ्या कळ्या येतात. त्यांच्यात आतल्या आतच परागण होऊन बोंडं धरतात. व्हायोला मंजुरिकाची उन्हाळी पानंही वसंतातल्या लांबट पानांपेक्षा मोठी, रुंद, त्रिकोणाकडे झुकणारी असतात. म्हणून आधी लेबलवरचा महिना पाहा. पानाच्या देठाला पंखासारखी कड आहे का तेही बघा. व्हायोला पॅट्रिनी या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या जातीशी गल्लत इथेच होते : पॅट्रिनीची फुलं पांढरी, आणि पात्याच्या मानाने देठ लांब. वाळल्यावर जांभळं फूलही फिकटतं, त्यामुळे रंगाचा निवाडा शीटवरून करू नका, लेबलवरून करा.

तरीही नाव बदलावं लागलं, तर जुनं खोडू नका. नवं नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी लेबल न झाकता त्याच्या वरच्या बाजूला चिकटवा.