पुरुष फिटनेस ट्रेनरने महिलांच्या आरोग्याचा वेगळा कोर्स करावा का? प्रत्यक्षात त्याचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात जिममध्ये ट्रेनर आहात, निम्म्याहून जास्त क्लायंट बायका आहेत, महिलांच्या आरोग्यावरचा एक कोर्स पंचवीस हजारांना मिळतोय, आणि मित्र म्हणतात, "पुरुष ट्रेनरला त्याचा काय उपयोग? बायका तुला असलं काही सांगणार आहेत का?"

कोर्स करा. मित्रांचं ऐकू नका. कोणता करायचा ते शेवटी लिहिते. आधी मित्रांच्या त्या वाक्याबद्दल लिहू द्या, कारण हेच वाक्य मी आमच्या तालुक्यात इतकी वर्षं ऐकत आलेय की ते दिसल्यावर गप्प बसवत नाही.

मी सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला शारीरिक शिक्षण शिकवते. काही वर्षं पहाटे एका पोलीस भरती अकादमीत मुलींची बॅचही घ्यायचे. पत्र्याची शेड, होस्टेलच्या दोन खोल्या, मेस, आणि उजाडायच्या आत शिट्टी. मुली खेड्यापाड्यातून आलेल्या, बहुतेकींच्या घरी एकच बोली झालेली असते: यंदा भरती झाली तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. त्यामुळे या मुली काहीही सोसतात, आणि सोसतात म्हणून त्यांच्याकडून काहीही करून घेता येतं.

अकादमीचे मुख्य सर फौजेतून आलेले. मेहनती माणूस, पोरांसाठी पदरचे पैसे घालणारा, हे मी आजही म्हणते. पण मुलींच्या बाबतीत त्यांचं एकच गणित होतं, वजन कमी म्हणजे टायमिंग चांगलं. दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन करायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. ज्या मुलीचं वाढलं तिचा भात बंद, भाकरी अर्धी.

आमच्या बॅचला ८०० मीटरला पहिली येणारी एक मुलगी होती. बारावी झालेली, कोरडवाहू शेतकऱ्याची. फळ्यावर तिचा आकडा सगळ्यात कमी, म्हणून सर तिचं उदाहरण द्यायचे. मेसमध्ये दोन चपात्या आणि पातळ आमटी. त्यात सोमवार, त्यात चतुर्थी, आणि नवरात्रात नऊ दिवस एकवेळ. पहाटेचं पळणं मात्र एकही दिवस चुकलं नाही. दिवाळीनंतर ती जिना उतरताना कठड्याला धरून उतरायला लागली. सर म्हणाले, "नडगी भरलीय, बर्फ लाव आणि पळ." एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. सरांनी ती फिल्म सगळ्या बॅचला उजेडात धरून दाखवली आणि म्हणाले, "बघा, काही नाही. मनाचं दुखणं आहे."

मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, कुठे दुखतं ते हाताने दाखव. नडगी भरलेली मुलगी तळहात वरून खाली फिरवते, "इथून इथपर्यंत" म्हणते. हिने एक बोट टेकवलं. मी त्याच जागी अंगठ्याने हलकं दाबलं तर पाय मागे ओढला. म्हटलं, त्या एका पायावर उडी मार. मारेना. मग विचारलं, "पाळी कधी आली होती?" ती आठवायला लागली. गणपतीच्या आधी नाही, आषाढीलाही नाही. "मॅडम, जत्रेत आली होती." जत्रा चैत्रात असते आमची. मी विचारलं, कुणाला सांगितलंस का? तर म्हणाली, थोरल्या मुली सांगत होत्या, सर म्हणतात पाळी बंद झाली की शरीर लाइनीवर आलं समजायचं.

मिरजेला एमआरआय केला. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. असं फ्रॅक्चर सुरुवातीला साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही.

मला हे विचारायचं सुचलं ते काही मी बाई आहे म्हणून नाही. बाई तर आमच्या मेसच्या मावशीही होत्या. मला सुचलं कारण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला क्रीडाशिक्षकांचं एक छोटं शिबिर झालं होतं आणि तिथे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी नेमकं हे शिकवलं होतं: हाडाचं दुखणं घेऊन मुलगी आली की पाळीचं विचारा आणि जेवणाचं विचारा. पाळीचा विषय निघाला तसे बरेच पुरुष शिक्षक चहाला म्हणून उठले. जे बसून राहिले त्यांना मला आलं तेवढंच आलं. शिकलेला आणि न शिकलेला एवढाच फरक आहे यात.

शिकवलं काय, तर अवघड काही नाही. पळण्यात जेवढं जळतं ते वजा करून शरीर चालवायला पुरेसं उरलं नाही, तर मेंदू आधी पाळीचं काम थांबवतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, आणि हाडांची राखण त्याच्याकडे असते. हाडांची बहुतेक कमाई विशीपर्यंतच होते, म्हणजे नेमक्या कमाईच्या वयात ही तूट. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याला २०१४ मध्ये 'रेड-एस' असं नाव दिलं, २०२३ मध्ये त्याची नवी मांडणी केली, आणि हे पुरुष खेळाडूंनाही होतं हेही सांगितलं. आकड्यात बोलायचं तर चरबी वगळून शरीराचं जे वजन उरतं, त्याच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ४५ उष्मांक (कॅलरी) उरले तर ठीक. ३० च्या खाली गेलं की धोका वाढतो. ४५ किलोची मुलगी, चरबी वगळून ३६ किलो धरली, तर व्यायामाचा खर्च बाजूला काढून सोळाशे उष्मांक पोटात हवेत. दोन चपात्या आणि आमटीत ते कुठून येणार?

आणि हे मार्कांच्या हिशेबातही बसत नाही, याचा मला जास्त राग येतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीचे ५० गुण. ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. वाळवून काडी केलेली मुलगी चार किलोचा गोळा कुठे फेकणार? १०० मीटरला लागणारा जोर कुठून आणणार? पन्नासातल्या तीस गुणांवर पाणी सोडून वीस गुणांसाठी तिला उपाशी ठेवायचं, आणि त्याला शिस्त म्हणायचं.

मी हे सरांना सांगितलं तेव्हा दोन उत्तरं मिळाली. एक, "तुम्ही बायका पोरींना नाजूक करून ठेवता." दुसरं तुमच्या मित्रांचंच: "मी पुरुष माणूस. मी पोरीला पाळीचं विचारू? उद्या तिचा बाप कुऱ्हाड घेऊन येईल."

तिचा बाप आला. एस्टीने, टोपी हातात घेऊन ऑफिसात उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. मी त्याला सगळं सांगितलं, पाळीसकट, सरांच्या समोर. त्याने मान खाली घातली नाही. मला विचारलं, "पाय बरा हुईल न्हवं?" आणि मग सरांकडे वळून, "ह्ये आदी का न्हाई सांगितलं आमास्नी?"

सरांचं आणि माझं त्यानंतर फारसं बोलणं राहिलं नाही. पण आजही कुणी म्हणालं की लोकांना चालत नाही, घरच्यांना आवडत नाही, तर मला तो बाप दिसतो. ज्यांची लेक आहे त्यांना चालतं. अवघडतो तो आपण.

मुलीचा हंगाम गेला. पळणं बंद, मग हळूहळू चालणं, मग पुन्हा मैदान. आईला समजावणं जास्त अवघड गेलं, कारण तिच्या मते पळण्यानेच पोरीची पिशवी खराब झाली होती. एकीकडे सर म्हणणार पाळी गेली ते बरं, दुसरीकडे आई म्हणणार पळणं सोड. दोघंही चूक. पळणं सोडायचं नव्हतं, खाणं वाढवायचं होतं. शेंगदाण्याचे लाडू, अंडी, उसळ, दूध, आणि सोमवार सोडायला लावला. काही महिन्यांनी पाळी परत आली. आज ती वनरक्षक आहे.

आता तुमच्या जिमबद्दल. तुमच्याकडे उपाशी धावणाऱ्या मुली कमी असतील, पण लग्नाच्या आधी तीन महिन्यांत दहा किलो उतरवायला आलेल्या असतीलच, आणि त्यांच्याबाबतीत वरचं सगळं लागू आहे. बाकी तुमच्यासमोर येणार त्या बाळंतपणानंतरच्या, पीसीओडीवाल्या (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या) आणि चाळिशी-पंचेचाळिशीतल्या. सव्वा महिना झाला की घरचे मोकळे करतात आणि ती थेट जिमला येते. तिला पहिल्या आठवड्यात दोरीच्या उड्या देऊ नका. ओटीपोटाचे खालचे स्नायू सैल असतात, पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असू शकतात. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात पळणं बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे नको असं म्हटलंय. उडी मारताना लघवी गळते म्हणून किती बायका गुपचूप जिम सोडतात! ट्रेनरला वाटतं आळशी आहे. हे बरं होणारं दुखणं आहे, त्यासाठी फिजिओ असतात, एवढं वाक्य तुमच्या तोंडून गेलं तरी तिची पुढची वर्षं सुधारतील. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला वजनं उचलायला लावा, गुलाबी डंबेल देऊन सोडू नका. हाडांना आणि स्नायूंना तेव्हाच त्याची खरी गरज असते. पीसीओडीतही वजनाच्या व्यायामाचा फायदा आहे.

आणि दम लागतो म्हणणाऱ्या बाईचं आधी हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांवर. तुमच्या बॅचमधल्या निम्म्या बायका १२ च्या खाली असू शकतात, आणि तुम्ही त्यांना स्टॅमिना वाढव म्हणून ट्रेडमिलवर पळवताय. जेवणाबरोबरचा चहा बंद करा आणि पानात लिंबू पिळा, ही साधी गोष्टही ट्रेनर सांगत नाहीत.

विचारायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असणार. तोंडाने सुरुवात करू नका. प्रवेशाच्या फॉर्मवर वय, उंची, जुनी दुखापत, ऑपरेशन यांच्या ओळीतच पाळी नियमित आहे का, शेवटची कधी, बाळंतपण कधी आणि कसं, असे रकाने ठेवा. शेजारी लिहा, भरायचं नसेल तर रिकामं सोडा. कारण एका ओळीत सांगा: "व्यायाम ठरवायला लागतं." आवाज नेहमीचाच ठेवा, गुडघ्याचं विचारता तसा. चारचौघात नाही, बंद खोलीतही नाही. जिममध्ये बाई ट्रेनर असेल तर तिच्याशी बोलायची सोय आहे हे आधीच सांगा. बायका सांगतात. माझा एक विद्यार्थी कराडला जिममध्ये ट्रेनर आहे, पुरुषच, त्याच्या फॉर्मवर ते रकाने क्वचितच रिकामे राहतात.

पाळीच्या तारखेनुसार चार आठवड्यांचं तयार वेळापत्रक विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. आजवरचे अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये जो आढावा निघाला, त्यात पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरीत सरासरी अगदी किरकोळ घट दिसली, आणि पुरावाही कच्चाच निघाला. सरासरीने काही ठरत नाही. एकीला काहीच होत नाही, दुसरी दोन दिवस उठू शकत नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानूने १९९ किलो उचललं, ब्राँझ २०० किलोला गेलं. नंतर ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली की पाळीचा तिसरा दिवस होता. आमच्या स्टाफरूममध्ये दोघे-तिघे लगेच म्हणाले, कारणं सांगते. तिने कारण सांगितलं नाही, माहिती सांगितली. तुमच्या क्लायंटची अशी माहिती तिच्याच नोंदीतून घ्या.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. पाळी चुकण्याचं कारण गरोदरपण असू शकतं, थायरॉइड असू शकतं, पीसीओडी असू शकतं. सगळं उपासमारीवर ढकलू नका आणि निदान तर करूच नका. तीन महिने पाळी नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ, तुमचं काम तिथपर्यंत. हार्मोनच्या गोळ्या घेऊन पाळी येते म्हणजे हाडं सुरक्षित, असंही नाही. नडगी दुखणाऱ्या बहुतेक मुलींना साधं नडगीचंच दुखणं असतं. अठराच्या आतल्या मुली असतील तर आईवडिलांना सामील करूनच बोला.

आता कोर्स. परदेशी सर्टिफिकेट वाईट नसतात, पण त्यांत सोमवार नाही, नवरात्र नाही, आणि घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाई तर नाहीच. ते तुम्हाला स्वतःच घालावं लागेल. इंग्रजी वाचायची तयारी असेल तर ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टने महिला खेळाडूंवर ऑनलाइन धडे केलेत, सुरुवात तिथून करा. पंचवीस हजारांच्या कोर्सचा अभ्यासक्रम आधी मागवून घ्या. शिकवणाऱ्यांत एक तरी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट आहे का बघा, बाळंतपणानंतरचा भाग प्रत्यक्ष करून दाखवतात की नुसत्या स्लाइड्स ते विचारा. आणि फोनवर त्यांना एक प्रश्न टाका: क्लायंटची पाळी तीन महिने बंद असेल तर ट्रेनरने काय करायचं? उत्तरात डॉक्टरच्या आधी एखाद्या पावडरीचं नाव आलं तर पैसे भरू नका.