'पिक इट अप'चे 'पिकिटप' का होते?

प्रश्न असा आहे : 'पिक इट अप' हे तीन शब्द मूळ इंग्रजी भाषकांच्या तोंडून 'पिकिटप' असे ऐकू येतात, त्यामागे काही नियम आहे, की हा केवळ भरभर बोलण्याचा परिणाम आहे?

नियम आहे, आणि वेगाशी त्याचा संबंध थोडाच आहे. सावकाश बोलणारा इंग्रजी भाषकही हे शब्द सहसा जोडूनच उच्चारतो, कारण एका शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर आला, की ते व्यंजन पुढच्या अक्षरात जाऊन बसते : पि-कि-टप. (अमेरिकेत त्यातला 'ट' आणखी मऊ होऊन जवळजवळ 'ड' ऐकू येतो.) मराठीला हे परके नाही, 'एक' हा शब्द उच्चारात व्यंजनान्त असल्यामुळेच 'एक एक'चे 'एकेक' होते आणि आपण ते तसे लिहितोही.

मात्र हा नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही, आणि शिकणाऱ्याची गफलत बहुधा इथेच होते. 'कम इन'मधल्या पहिल्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी स्वर दिसत असला, तरी कानाला शेवटचा ध्वनी 'म्' आहे, म्हणून 'क-मिन'. उलट 'वन युनिट'मध्ये दुसरा शब्द लिहिताना स्वराने आणि बोलताना 'य्'ने सुरू होतो, त्यामुळे 'न्' जागचा हलत नाही.

शब्दांची सीमा अशी पुसट असल्याने काही इंग्रजी शब्दांचे रूपच बदलले आहे. आजचा 'एप्रन' हा मध्ययुगीन इंग्रजीत 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' आणि 'ॲन एप्रन' कानाला सारखेच वाटल्यामुळे त्याचा 'न' उपपदाकडे गेला, तर 'न्यूट' या प्राण्याच्या नावाला तो उपपदाकडून मिळाला.

दोन स्वर शेजारी आले, तर मध्ये हलका 'य' किंवा 'व' येतो : 'सी इट'चे 'सीयिट', 'गो आउट'चे 'गोवाउट'. यातला कोणता ध्वनी येणार हे आधीच्या स्वरावर ठरते. 'ई'सारख्या, जीभ पुढे नेणाऱ्या स्वरानंतर 'य' आणि ओठ गोल करणाऱ्या स्वरानंतर 'व'. ने + अन = नयन आणि पो + अन = पवन हे संधी ज्यांनी पाठ केले आहेत, त्यांना ही विभागणी ओळखीची वाटेल, फक्त इंग्रजीत मूळ स्वरही टिकून राहतो.

'ब्लॅक कॅट'मध्ये 'क्' दोनदा सोडायचा नसतो, तर 'पक्का'मधल्या द्वित्तासारखा क्षणभर धरून एकदाच सोडायचा असतो. 'डिड यू'चे 'डिज्यू' होणे सर्रास आढळते, पण ते ऐच्छिक आहे.

'लॉ अँड ऑर्डर'मध्ये 'लॉ'नंतर इंग्लंडमधले अनेक भाषक जो आगंतुक 'र' उच्चारतात, त्याचे अनुकरण मुद्दाम करू नये, असे माझे मत आहे. ज्या बोलींत 'फार' या शब्दाचा 'र' एरवी गळतो आणि 'फार अवे'मध्ये परत येतो, त्या बोलींचा तो विशेष आहे; प्रत्येक 'र' स्पष्ट उच्चारणाऱ्या मराठी भाषकाला त्याची गरज नाही.

सरावासाठी व्यंजन आणि स्वर यांची जोडणी आधी घ्यावी, आणि 'नॉट ॲट ऑल' म्हणजे 'नॉ-टॅ-टॉल' अशी छोटी पदे सावकाश म्हणावीत. जिथे अर्थासाठी थांबावे लागते किंवा एखाद्या शब्दावर मुद्दाम जोर द्यायचा असतो, तिथे मात्र ही साखळी तोडलीच पाहिजे.