दुःखात प्रार्थना सुचत नसेल तर

आधी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ घ्या. सहाच ओव्या आहेत. रोज एकाच वेळी, मोठ्याने वाचा. पहिल्या दोन ओव्यांत "कुठवर?" असा प्रश्न चार वेळा येतो. तिथे थांबा आणि आपलं दुखणं देवाला नाव घेऊन सांगा: आजार, कर्ज, गेलेलं माणूस. मग ३-४ मधली मागणी. शेवटच्या दोन ओव्या भरवशाच्या आहेत. त्या ओठांवर येत नसतील तर नुसत्या वाचा, उसनं समाधान आणू नका. नवीन लोक इथेच चुकतात. तक्रार म्हणजे अविश्वास असं समजून ते थेट स्तुतीकडे धावतात आणि आठवड्यातच प्रार्थना सुटते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

"कुठलं पाप केलंस?" असं कोणी विचारलं तर योहानाच्या शुभवर्तमानातलं ९:३ वाचा: जन्मांध माणसाबद्दल येशू म्हणतो, हे त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नाही. ईयोब या नीतिमान माणसावर संकटं आली ती त्याच्या पापामुळेच, असं म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांनाही देवाने शेवटी खोटं ठरवलं (ईयोब ४२:७).

औषध मात्र बंद करू नका. नाशिकमधलं शरणपूर असो की नाशिकरोड, आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना घरी बोलवा. याकोबाचं पत्र ५:१४ मध्ये आजाऱ्याला मंडळीच्या वडीलजनांना बोलवायला सांगतं. एकट्याने सोसणं ही श्रद्धेची अट नाही.