जेआरएफ मिळाली, आता नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय २६. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तळोज्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. पगार ३२ हजार रुपये. नुकतीच नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली. पीएचडी करून प्राध्यापक व्हावे, अशी इच्छा आहे. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतील, धाकट्या भावाचे इंजिनीअरिंग सुरू आहे आणि आत्या म्हणते, ‘पीएचडी होईपर्यंत बत्तीस वर्षांची होशील, मग स्थळे कुठून येणार?’ काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात पैशांची काळजी सर्वांत जास्त दिसते, पण जेआरएफ असताना ती तेवढी मोठी नाही. जानेवारी २०२३पासून ही रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आहे, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन ती ४२ हजार होते आणि नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. मात्र त्यात भविष्य निर्वाह निधी नाही, पैसे अनेकदा उशिरा जमा होतात आणि शिष्यवृत्ती पाचच वर्षे असते, तर रसायनशास्त्राचा प्रबंध सहाव्या वर्षात सहज जातो. तेव्हा बाबांसोबत बसून घरखर्च आणि भावाची फी कागदावर मांडा, आणि त्या बिनपगारी महिन्यांची तजवीज होत असेल तरच पुढचे बोला.

मला अधिक खटकले ते ‘प्राध्यापक व्हावे’ हे कारण. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) पुरेशी धरली जाते. पीएचडी अनिवार्य असते ती सहयोगी प्राध्यापकपदापासून. त्यातच महाराष्ट्रातील महाविद्यालयांत कायमस्वरूपी भरती रखडल्याने नेट-सेट, पीएचडी झालेली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत, हे तुमच्या जुन्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये विचारलेत तरी कळेल. केवळ त्या खुर्चीसाठी पाच-सहा वर्षे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध कंपनीच्या संशोधन विभागात नवे रेणू किंवा नव्या प्रक्रिया विकसित करण्याची ओढ असेल, तर मात्र पीएचडीचा खरोखर उपयोग होतो. अर्थात त्या नोकरीसाठी पुढे हैदराबाद किंवा अहमदाबाद गाठण्याची तयारी हवी. दिवसभर ठरलेल्या चाचण्या करून तुम्हाला कंटाळाही आला असावा. तो केवळ त्या कामाचा कंटाळा असेल, तर आधी दुसरी नोकरी शोधून पाहा, कारण प्रयोगशाळेत फसलेली तीच अभिक्रिया विसाव्यांदा लावण्याचा कंटाळा याहून मोठा असतो.

तरीही मन संशोधनाकडेच वळत असेल, तर संस्थेच्या नावाआधी गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक, पाहा. माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), पवईची आयआयटी, कालिन्याचे मुंबई विद्यापीठ ही सगळी ठिकाणे चांगली आहेत, पण तुमची पाच वर्षे कशी जातील हे एकच व्यक्ती ठरवणार आहे. शोधगंगा या संकेतस्थळावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचा, कोणाला किती वर्षे लागली आणि ते आज कुठे आहेत याची चौकशी करा, आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना गाइडच्या अनुपस्थितीत, शक्यतो कॅन्टीनमध्ये भेटा. कोणी उत्तर देताना अडखळले, तर तेही उत्तरच समजा. रात्री उशिरापर्यंत प्रयोग चालतात, म्हणून वसतिगृहाचेही तेव्हाच विचारून घ्या. रोज डोंबिवलीहून जाऊन-येऊन हे निभणे अवघड आहे.

आत्यांची काळजी मायेपोटी असली, तरी पीएचडीसाठी लग्न थांबवावे लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार महिलांना कमाल मुदतीपेक्षा दोन वर्षे अधिक मिळू शकतात आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. स्थळ आले, तर पहिल्याच भेटीत पीएचडीचे सांगून टाका.

शिष्यवृत्तीच्या निवडपत्रावरील मुदत आजच तपासा, आणि राजीनामा मात्र प्रवेश निश्चित होऊन गाइडचे नाव लेखी हाती आल्यावरच द्या.