मुलीने तेराव्या वर्षी बॅले सुरू केले तर उशीर झाला असे म्हणावे का?

आपण विचारले आहे की मुलगी १३ वर्षांची आहे, आता बॅले शिकू लागली तर ती प्रमुख नर्तिका होईल, की ‘मागच्या रांगेत उभी राहून आयुष्य वाया घालवील’. या शेवटच्या शब्दांमुळेच मी लिहायला बसले, कारण त्या मागच्या रांगेत मी नऊ वर्षे नाचले आहे.

वयाचे आधी सांगते: उशीर झाला आहे. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत मुली साधारण दहाव्या वर्षी दाखल होतात आणि पुढे आठ वर्षे शिकतात. मिस्टी कोपलँड यांनी १३व्या वर्षी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये त्या अमेरिकन बॅले थिएटरच्या प्रमुख नर्तिका झाल्या हे खरे, पण हे एकच नाव सगळ्यांच्या तोंडी का असते, याचाही विचार करावा.

आता मागच्या रांगेविषयी. नृत्यरचनाकार मारियस पेटिपा यांच्या १८७७ सालच्या ‘ला बायादेर’ या बॅलेमध्ये छायांचा एक प्रवेश आहे. पांढऱ्या वेशातल्या नर्तिका एकामागून एक उतरणीवरून खाली येतात. प्रत्येक जण एक पाय मागे उचलून अरबेस्क घेते, सावरते, पुढे सरकते आणि पुन्हा तेच करते. जी सर्वांत आधी येते तिला ते सर्वांत जास्त वेळा करावे लागते. मी तिसरी असे. एका प्रयोगात उतरणीच्या मध्यावर माझ्या आधाराच्या पायाच्या पोटरीत गोळा आला. थांबणे शक्यच नव्हते, कारण मी अडखळले असते तर माझ्यामागची सगळी रांग विस्कटली असती, म्हणून पुढच्या मुलीच्या पोशाखाच्या पाठीवरील वरून तिसऱ्या हुकावर नजर खिळवून मी खाली उतरले. प्रयोगानंतर माझ्या बॅलेच्या जुन्या बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “तू कुठे होतीस? मला तर दिसलीच नाहीस.”

तेव्हा मी गप्प राहिले. आज सांगते: बाई, त्या रात्री मी न दिसणे हेच माझे काम होते आणि ते मी चोख केले. बहुतेक नर्तिकांची व्यावसायिक सुरुवात मागच्या रांगेतल्या याच समूहातून होते, कित्येकींची निवृत्तीही तेथूनच होते, आणि त्यांना दरमहा मिळणारा पगार नाचण्याचाच असतो. जी शिक्षिका याला अपयश म्हणते तिच्याकडे मुलीला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात मी एका मध्यम आकाराच्या बॅले कंपनीपुरतेच पाहिले आहे. शाळेचा अभ्यास मात्र सोडू देऊ नका. पॅरिस ऑपेरासारख्या संस्थेतही नर्तक ४२व्या वर्षी निवृत्त होतात, आणि पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या हाडाला ताणाने तडा गेला की काहींना त्याआधीच थांबावे लागते. माझे तसेच झाले.

बाईंची एक गोष्ट मात्र मान्य करते. बरोबरीच्या मुलींनी पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचण्याचे शूज, घातले तरी त्यांनी मला दीड वर्ष थांबवून ठेवले होते, आणि मी त्यावरून रडून गोंधळ घातला होता. आपली मुलगीही हट्ट करील. पण घोटा आणि पाठ पुरेशी बळकट झाली आहे असे शिक्षिका म्हणेपर्यंत ते शूज घरात आणू नका.