पुरात बाग गेली, वडील बोलेनासे झालेत. यातून माणूस पैशाने आणि मनाने पुन्हा कसा उभा राहतो?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात पेरूची बाग गेली, डोक्यावर पीककर्ज आहे आणि वडील दिवसभर ओट्यावर बसून असतात. आमच्या घरी हे २०२० साली झालं. तुमच्याकडे पाणी आलं, आमच्याकडे वारा.

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. बारा गुंठ्यांची वाडी, म्हणजे बाग: वीस नारळाचे माड, अडीचशेच्या वर सुपारीच्या पोफळी. बऱ्याचशा आजोबांच्या हातच्या. दुपारच्या दोन-तीन तासांत चौदा माड आणि दोनशे दहा पोफळी आडव्या झाल्या. संध्याकाळी आमच्या मागच्या दारातून समुद्र दिसला. त्या दारातून तो आजवर कधी दिसलाच नव्हता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो बघितला, आत गेले आणि पुढचे चार महिने वाडीत उतरले नाहीत.

आधी पैशांचं सांगतो. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली होती. पण कोकणात वाडी गुंठ्यांत मोजतात. बारा गुंठ्यांचे होतात सहा हजार. लोकांनी आवाज उठवल्यावर पुढे झाडामागे दर ठरला, माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. त्या हिशेबाने आमचे चौदा हजार झाले. पडलेली झाडं कापून उचलायलाच त्याहून जास्त गेले, आणि ती उचलणं टाळता येत नव्हतं, कारण कुजक्या माडात गेंड्या भुंगा वाढतो आणि मग उभे राहिलेले माडही जातात. त्यात सातबारा सामायिक. मुंबईतल्या चुलत भावांची संमतीपत्रं लॉकडाऊनमध्ये गोळा करेपर्यंत पैसे अडकून राहिले. मदत मिळवायचीच, ती आपल्या हक्काची आहे. साफसफाईच्या आधीचे फोटो, पंचनाम्याची प्रत, वारसांची नावं, हे सगळं नीट ठेवा. पण घराचं गणित त्या रकमेवर मांडू नका. मी मांडलं होतं आणि सहा महिने वाट बघण्यात घालवले.

आम्हाला खरं सावरलं ते आईच्या वहीने. छपराचे पत्रे, औषधं, मुलीची फी हे आत्ताचं. बाकी सगळं पुढच्या पानावर. न्हाणीघराची पडलेली भिंत दोन वर्षं ताडपत्रीवर राहिली. पाहुणे बघायचे, वाईट वाटायचं, पण त्या भिंतीसाठी कर्ज काढलं नाही. आईने पाटल्या विकू दिल्या नाहीत, बँकेत तारण ठेवल्या. सोडवायला अडीच वर्षं लागली. सावकाराकडे गेलो असतो तर वाडीच गेली असती असं मला आजही वाटतं.

आता अण्णांचं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, “जीव वाचला ना, मग झालं तर.” अण्णा “हो” म्हणायचे आणि गप्प व्हायचे. त्या वाक्यानंतर माणसाला झाडांसाठी रडायची सोयच उरत नाही. मीही चुकलो. “अण्णा, आपण पुन्हा लावू,” असं रोज म्हणायचो. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि ते तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मी धीर देतोय असं मला वाटायचं, ते मनात वर्षं मोजत बसायचे.

ऑक्टोबरच्या उन्हात उरलेल्या पोफळींची खोडं एका बाजूने पिवळी पडायला लागली. मला खरोखरच कळेना काय करायचं, म्हणून त्यांना विचारलं. ते उठले. चार महिन्यांनी पहिल्यांदा पायऱ्या उतरले, खोडावर हात ठेवून म्हणाले, “सावली गेली ना रे. उन्हाने भाजतायत. झावळ्या बांध.” दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ते स्वतःच बांधत होते. मग म्हणाले, रोपं आणायची घाई करू नकोस, आधी दक्षिणेकडून केळी लाव, त्यांच्या सावलीत रोपं धरतील. त्या केळींनीच पुढे घरात थोडा पैसा आणला.

तुमच्या वडिलांनाही धीर देण्यापेक्षा काहीतरी विचारा. वाहून गेलेल्या रानात पहिलं काय टाकायचं, गाळ कुठला चांगला, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

पण एवढ्याने संपलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा अण्णा रात्रभर खांबाला धरून बसले आणि पुन्हा बोलायचे थांबले. त्या वेळी मात्र डॉक्टरांकडे नेलं, काही महिने गोळ्या घेतल्या, झोप परत आली. आधीच न्यायला हवं होतं. वडील जेवण टाकत असतील, रात्री जागत असतील, “आता कशाला जगायचं” असं एकदा जरी म्हणाले असतील, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरातली फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याजवळ.

राहिलं कर्ज. सरकारने आपत्तीग्रस्त जाहीर केलेल्या भागात पीककर्जाच्या पुनर्गठनाची सोय असते, म्हणजे मुदत वाढवून हप्ते पाडून मिळतात. व्याज किती लागेल ते आधी विचारून घ्या. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि हप्त्याची तारीख उलटायच्या आत जा. वडिलांना बरोबर न्या, पण साहेबांसमोर बोला तुम्ही.