रात्रपाळी, संध्याकाळचा रिपोर्ट आणि जिमवाल्याचं इंजेक्शन

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४, उंची पाच फूट सहा, वजन ८८ किलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कायम रात्रपाळी. सकाळी सातला सुटतो, साडेआठला झोपतो, एकला उठतो. लग्नाला चार वर्षं झाली, दीड वर्षापासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नॉर्मल आहेत. मला सारखा थकवा असतो, इच्छाही कमी झालीय. जिमच्या ट्रेनरने टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं, ते २६२ आलं. मग त्याने २,८०० रुपयांचा बूस्टरचा डबा दिला. दोन महिने घेतला, फरक शून्य. आता म्हणतो, आठवड्याला एक टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे. घेऊ का? रिपोर्ट आणि डब्याचा फोटो पाठवतोय. नाव छापू नका.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : इंजेक्शन घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी ठरवून टाका.

आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे टाकीचा हिशेब तुम्हाला मी शिकवायला नको. बाहेरून टँकर आणून टाकी भरली की फ्लोट वर जातो आणि घरची मोटर सुरूच होत नाही. शरीरात तस्संच होतं. मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बघून वृषणांना काम सांगते. सुईतून बाहेरचा माल आला की ती हुकूम देणं थांबवते. मग वृषणं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवत नाहीत आणि शुक्राणूही बनवत नाहीत. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हेच औषध आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन तपासलं होतं. म्हणजे तुम्हाला हवंय मूल आणि ट्रेनर देतोय त्याच्या नेमकं उलटं. त्याला बहुधा हे ठाऊकही नसेल.

मी हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका दुकानदाराचा असाच एक कागद बघून मी स्वतः इंजेक्शन लिहून दिलं होतं. मूल हवंय का, हे विचारलंच नाही. त्याने सांगितलं नाही, कारण आपल्याकडे पुरुष ते सांगत नाहीत. सहा महिन्यांनी नवरा-बायको दोघं समोर बसले, हातात वीर्यतपासणीचा रिपोर्ट, त्यावर शुक्राणू शून्य. औषध बंद केल्यावर आकडा परत यायला जवळपास वर्ष गेलं. तेव्हापासून तो प्रश्न मी पहिला विचारतो.

आता तुमचा रिपोर्ट. नमुना घेतल्याची वेळ छापलीय, संध्याकाळी ५.४०. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. जेवणानंतरही ते खाली येतं. म्हणून ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करायची. कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आली आणि तक्रारीही असल्या, तरच ‘कमी’ म्हणायचं. तुमच्यासारख्या रात्रपाळीवाल्याची सकाळ तर दुपारी एकला होते! तीन-चार दिवस सुट्टी जोडून घ्या, रात्री नीट झोपा आणि मग सकाळी आठला रक्त द्या. त्याच वेळी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (हे पिट्युटरीचे हार्मोन, पहिले दोन म्हणजे वृषणांना जाणारे हुकूम), थायरॉइड, तीन महिन्यांची साखर आणि ‘ड’ जीवनसत्त्वही बघून घ्या. दिवसा पडदे ओढून झोपणाऱ्याला ऊन मिळतं कुठे?

आणि वीर्यतपासणी करा, याच महिन्यात. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या म्हणता, तुमची एकही नाही. दीड वर्षात तिने किती सुया टोचून घेतल्या, ते एकदा मोजा.

डब्याचा फोटो मोठा करून पाहिला. गोखरू, अश्वगंधा, मेथीचा अर्क, झिंक, आणि शेजारी ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’. म्हणजे कुठली वस्तू किती, ते सांगणार नाही. गोखरूने माणसात टेस्टोस्टेरॉन वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. अश्वगंधाने थोडं वाढल्याचे लहान अभ्यास आहेत, पण यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. झिंक आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा उपयोग, ती कमी असतील तर. खाली एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, क्रमांक आहे. तो धंद्याचा परवाना आहे, गुण येतो याचा दाखला नाही. अशा डब्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचंही अनेकदा सापडलंय. दोन महिने घेतलाच आहे, तर लिव्हरची तपासणीही उरकून घ्या.

मला खरा संशय आहे तो तुमच्या साडेचार तासांच्या झोपेवर आणि पोटावर. धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. २०११ सालचा अभ्यास आहे. पोटाची चरबी तर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करून टाकते. ८८ किलोचे ८० झाले तर आकडा बऱ्याचदा आपोआप वर येतो. बायकोला विचारा, घोरता का आणि मध्येच श्वास अडकतो का. तसं असेल तर झोपेची तपासणी लागेल. पाळी बदलून मिळत असेल तर मालकाशी बोला. नसेल तर पहाटे तीननंतर चहा बंद, घरी जाताना गॉगल, खिडकीला जाड चादर (सोलापुरात चादरीला काय तोटा!) आणि सलग सात तास मोबाईल दुसऱ्या खोलीत.

जेवणाचं फार अवघड करू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, रोज दोन अंडी, आठवड्यातून दोनदा मासे किंवा मटण, पण वर तेलाचा तवंग नको. शेंगाचटणी चालेल, चमचाभर, वाटीभर नव्हे. सोयाबीनने पुरुषपण जातं ही अफवा आहे, खुशाल खा. तंबाखू-सुपारीचा मावा खात असाल तर सोडा, तो शुक्राणूंना मारक आहे.

जिम सोडू नका, ट्रेनर बदला. आठवड्यातून तीन दिवस वजनं, त्यात पायांचा व्यायाम हवाच. नुसते दंड फुगवून काही होत नाही. बाकीचे दिवस पाळीला जाण्याआधी सिद्धेश्वर तलावाकडे अर्धा तास झपाझप चाला.

सगळे रिपोर्ट घेऊन जवळच्या एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा युरॉलॉजिस्टकडे (मूत्ररोगतज्ज्ञ) जा, बायकोलाही सोबत न्या. आणि आत शिरताच पहिल्या वाक्यात सांगा, आम्हाला मूल हवंय.